सायकल दुमडते, पेटी दुमडत नाही

पन्नासाव्या वाढदिवसाला मी घडीची सायकल घेतली. 20 इंची चाकं, मधोमध बिजागरी, वजन 12 किलो. दादरच्या आमच्या दोन खोल्यांत ती दाराआड मावते, हे एक कारण. दुसरं मनातलं: विमानाने मोपाला उतरायचं, विमानतळाबाहेर सायकल उलगडायची आणि वेंगुर्ल्याला मावशीकडे ती चालवत जायचं. त्यासाठी एक पेटी लागेल, एवढंच मला कळत होतं.

विमान कंपनीच्या सामानाच्या नियमांत 158 सेंटीमीटर असा आकडा सापडला. माझ्या सायकलीची घडी 80 सेंटीमीटर लांब, म्हणजे भरपूर जागा उरते असं समजून मी दोन दिवस बॅगांची दुकानं हिंडले. शेवटी एका दुकानदाराने टेप हातात घेऊन विचारलं, "ताई, तिन्ही बाजूंची बेरीज केलीत का?" 158 ही लांबी नव्हती, लांबी, रुंदी आणि उंची मिळून तेवढं चालतं. माझी बेरीज 80, 65 आणि 33, म्हणजे 178. पेटीत घालण्याआधीच सायकल 20 सेंटीमीटर जास्त भरली.

लंडनच्या अँड्र्यू रिची यांनी घडवलेली ब्रॉम्प्टन ही घडीची सायकल या मापात बसते. तिची चाकं 16 इंची आणि घडीची बेरीज साधारण 142. सायकल घेताना मी फक्त दाराआडची जागा मोजली होती. वजनाचंही तेच. देशांतर्गत तिकिटावर 15 किलो, आणि मला आवडलेली कडक पेटी रिकामीच 6 किलोंची.

सुटे भाग काढले तर माप कमी होईल, असं वाटून पेडल काढायला बसले. उजवं सुटलं. डावं काही केल्या सुटेना. जोर लावला तसं ते अधिकच घट्ट झालं. गल्लीतल्या सायकलवाल्या काकांनी सांगितलं की डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. पाना पेडलवर उभा धरायचा आणि त्याचं वरचं टोक मागच्या चाकाकडे न्यायचं. दोन्ही बाजूंना हेच चालतं. काकांनी ते सोडवलं, पण त्यांना पान्यावर पाय द्यावा लागला.

एवढं करूनही एक प्रश्न मला सुचलाच नव्हता. तो काकांनीच विचारला. "मोपाला सायकल उलगडलीस, की पेटी कुठे ठेवशील?" मी गप्प. मी मनात शंभरदा विमानतळाबाहेर पडले होते, आणि प्रत्येक वेळी पेटी आपोआप नाहीशी झाली होती.

या प्रश्नाचं एक सुंदर उत्तर अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात, युजीन गावी मिळालेलं आहे. तिथल्या बाइक फ्रायडे कंपनीची सायकल सुटकेसमध्ये जाते आणि मुक्कामी पोचल्यावर त्याच सुटकेसला चाकं आणि दांडी लावली की तिची ओढगाडी होते. आत कपडे भरायचे आणि सायकलीमागे ओढत निघायचं. मला ही कल्पना इतकी आवडली की दोन रात्री तेच डोक्यात होतं. ट्रेलरला मी 'ओढगाडी' म्हणते. काका 'मागची गाडी' म्हणतात.

मग तशी ओढगाडी आपल्याला जोडता येईल का, ते पाहू लागले. काहींची कडी मागच्या चाकाच्या आसाला लागते, काहींची सीटच्या नळीला. सीटची बरी वाटली. पण घडी घालताना माझ्या सीटची नळी खाली सरकते, म्हणजे कडी दर वेळी काढायची. शिवाय बऱ्याच सायकलींत ही नळी 27.2 मिलिमीटर जाड असते आणि माझी 33.9. दुकानात दाखवलेली कडी तिच्याभोवती मिटलीच नाही.

विमान सोडलं. दादरहून सावंतवाडीला जाणारी तुतारी एक्स्प्रेस ठरवली. डब्यात न्यायच्या ट्रंकेचं रेल्वेचं माप 100, 60 आणि 25 सेंटीमीटर. माझ्या सायकलीच्या घडीची रुंदी आणि जाडी दोन्ही त्याबाहेर. पार्सल ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, "ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे सामानाच्या डब्यात, टाका ना. नुसती सायकलही जाते. नाव आणि स्टेशन लिहून लावा, पावती जपा." महिनाभर जी पेटी शोधत होते, तिची गरजच नव्हती.

तरी उघडी सायकल पाठवायला मन धजेना. बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडून जाड कॅनव्हासची पिशवी शिवून घेतली, आत जुनी योगाची चटई कापून घातली. वजन सव्वा किलो.

सावंतवाडीला सायकल उलगडली, तर गिअर बदलताना साखळी खरखरू लागली. डिरेलर म्हणजे साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारा लोंबता हात. तो धरून ठेवणारी पातळ पट्टी वाकली होती. चूक माझीच. कुठली बाजू वर ठेवायची ते मी पिशवीवर लिहिलं नव्हतं आणि सायकल सबंध प्रवासात गिअरच्या बाजूवर आडवी पडून आली. गावातल्या एका मेकॅनिकने पट्टी सरळ केली. आता पिशवीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे: साखळीची बाजू वर.

पिशवीची घडी कॅरिअरवर बांधून दुपारी वेंगुर्ल्याला पोचले. कडक पेटी असती, तर ती स्टेशनवरच सोडून यावी लागली असती. माझ्यापुरता कौल पिशवीला.

ओढगाडीची ओढ मात्र गेलेली नाही. 33.9 मिलिमीटरच्या नळीवर कोणी कडी बसवली असेल, तर कशी बसवली ते मला जरूर कळवा.