दिग्रसहून रामोजी : एका सहलीचे अंदाजपत्रक

बँकेच्या सेवेत असताना मी असंख्य व्यापाऱ्यांची अंदाजपत्रके तपासली, त्यांतील फुगवलेले आकडे लाल शाईने खोडले. निवृत्तीनंतर मात्र घरातल्या एका छोट्याशा अंदाजपत्रकाने मला बरेच काही शिकवले. ते होते कुटुंबाच्या सहलीचे. समाजातील अनेक घरांत हा विषय दर सुट्टीत निघतो आणि पुष्कळदा कटुता ठेवून जातो, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या नात्यातील एक कुटुंब दुबईच्या करमणूक उद्यानांत जाऊन आले. छायाचित्रे आमच्या नातवंडांनी पाहिली आणि घरात हट्ट सुरू झाला. दिग्रसला आमचे कापडाचे दुकान आहे, ते आता मुलगा सांभाळतो. येथील बाजार कापसावर चालतो. शेतकऱ्याच्या हातात पैसा खेळला तर कापड खपते. ते वर्ष बेताचे होते. तरीही एका संध्याकाळी मुलगा म्हणाला, “बाबूजी, हप्त्यांवर जाता येते. बिनव्याजी योजना आहे.”

माझ्यातला बँक अधिकारी तत्काळ जागा झाला. मी त्याला सांगितले की बिनव्याजी असे काही नसते. रोखीने पैसे देणाऱ्याला जी सूट मिळाली असती, ती हप्तेवाल्याला मिळत नाही. ती गेलेली सूट म्हणजेच व्याज. शून्य टक्के व्याज ही संकल्पनाच अस्तित्वात नाही, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. क्रेडिट कार्डाची बाकी थकली तर महिन्याला तीन-साडेतीन टक्के आकार चढतो, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या आसपास. दुकानासाठी काढलेले कर्ज माल विकून फिटते. सहलीचे कर्ज फेडताना हातात केवळ छायाचित्रे असतात.

माझे सारे बोलणे त्याने शांतपणे ऐकले आणि मग एकच वाक्य बोलला, “तुमचे बरोबरच असते, बाबूजी. त्या टोपीच्या वेळीही बरोबर होते.”

मला क्षणभर काही उमगले नाही. नंतर आठवले. १९९६ साली बँकेच्या प्रवास सवलतीवर आम्ही मुंबईला गेलो होतो. गोराईचे एस्सेल वर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झाले होते आणि तेव्हा त्याचे नाव गावोगावी पोचले होते. मार्वेच्या धक्क्यावरून बोटीने आम्ही तेथे गेलो. मुलगा नऊ वर्षांचा होता. पुरेशी चौकशी न करता गेल्यामुळे खाण्यापिण्यात अपेक्षेहून अधिक पैसे गेले. परतताना त्याने एक टोपी मागितली. खिशात परतीच्या प्रवासापुरतेच पैसे असल्याने मी ‘नाही’ म्हटले. त्याने पुन्हा मागितली नाही. मी ते प्रकरण विसरूनही गेलो होतो. ते उद्यान २०२२ मध्ये बंद झाले, परंतु तेथला माझा नकार मुलाच्या मनात अद्याप जिवंत होता.

त्या रात्री मला झोप लागली नाही. चूक टोपी नाकारण्यात नव्हती, पैसे खरोखरच नव्हते. टोपीसाठी आधीच काही बाजूला ठेवले नव्हते, ही चूक होती. हिशेब मी केला होता तो केवळ जाण्यायेण्याचा. मुलाच्या एका मागणीला होकार देता येईल, एवढी जागा त्यात नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या नावाने महिना दोन हजार रुपयांचे चोवीस महिन्यांचे आवर्ती ठेव खाते उघडले. मुद्दल अट्ठेचाळीस हजार. साडेसहा टक्के दर धरला तर मुदतीअखेर ५१ हजारांच्या वर रक्कम हाती येते. मुलाला म्हटले, “या रकमेत सहा माणसांची सहल करायची. स्थळ तुम्ही सर्वांनी ठरवा.” बारा वर्षांच्या नातीकडे वही दिली आणि हिशेबनीस म्हणून तिची नेमणूक केली.

स्थळांचा विचार करताना प्रथम अंतर पाहिले. खोपोलीजवळचे इमॅजिका २०१३ मध्ये सुरू झाले. मुलांची पहिली पसंती तेच होते. परंतु दिग्रसहून ते सहाशे किलोमीटरहून अधिक दूर पडते. हैदराबाद सुमारे चारशे किलोमीटर. तेथील रामोजी फिल्म सिटी योगायोगाने १९९६ मध्येच, म्हणजे आमच्या त्या मुंबईवारीच्या वर्षीच सुरू झाली. १,६६६ एकरांच्या त्या परिसराची जगातील सर्वांत मोठे चित्रपटनिर्मिती संकुल म्हणून गिनेस बुकात नोंद आहे. चित्रीकरणाच्या सजावटी, बालकांसाठी खेळ, पक्षी उद्यान, फुलपाखरांची बाग असे सारे एका आवारात असल्याने आठ वर्षांच्या नातवापासून गुडघेदुखीने त्रस्त असलेल्या त्याच्या दादीपर्यंत प्रत्येकाला तेथे काहीतरी होते. उंच आकाशपाळण्यांचे आकर्षण असणाऱ्यांना इमॅजिका अधिक रुचेल. तीन पिढ्या एकत्र निघत असतील तर रामोजी बरे, असे आमचे एकमत झाले.

मग प्रश्न काळाचा. व्यापारी कुटुंबाला सुट्टी सापडणे कठीण. दिवाळीत दुकान सोडता येत नाही, हिवाळाभर कापसाचा हंगाम असतो, एप्रिल-मे लग्नसराईचे. नाताळात सर्वत्र गर्दी. येथे विदर्भात राहण्याचा लाभ ध्यानात आला. तेलंगणातील शाळा साधारण १२ जूनला सुरू होतात आणि उर्वरित महाराष्ट्रातील १५ जूनच्या सुमारास. आपल्याकडे उन्हाच्या तीव्रतेमुळे शाळा जूनच्या अखेरच्या आठवड्यात उघडतात. म्हणजे आठ-दहा दिवस असे मिळतात, की आपली मुले मोकळी आणि इतरांची वर्गात. लग्नसराई संपलेली, शेतकरी पेरणीत गुंतलेला, त्यामुळे कापड दुकानही शांत. चातुर्मासही सुरू झालेला नसतो. आम्ही जूनच्या मध्यानंतरचा बुधवार निवडला. पावसाची शक्यता होती, म्हणून सहा छत्र्या अंदाजपत्रकाबाहेर घरूनच घेतल्या.

दिग्रसला आजमितीस रेल्वे नाही. वर्धा-यवतमाळ-नांदेड हा नवा लोहमार्ग आपल्या गावावरून जाणार आहे. तो पूर्ण झाल्यावर ही सोय घराजवळ येईल. तूर्त आम्ही भाड्याच्या जीपने वाशीमला गेलो आणि तेथून पूर्णा-नांदेड मार्गे काचीगुड्याची गाडी धरली. आरक्षणाचे नियम बदलले आहेत, हे ध्यानात ठेवावे. नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी खुले होते, म्हणून जूनच्या प्रवासासाठी एप्रिलच्या मध्यातच तिकिटे काढली. ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२० पासून बंद आहे. बारा वर्षांखालील मुलासाठी स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडे पडते. हे तिन्ही बदल नातीने वहीत लिहून घेतले, कारण माझा पहिला अंदाज जुन्या नियमांवर बेतलेला होता आणि तो तिने खोडला. मला त्याचा आनंदच झाला.

प्रवेशशुल्काबाबत एक सूचना. जाहिरातीतील आकड्यात कर धरलेला आहे की नाही, ते प्रथम विचारावे. अशा उद्यानांच्या प्रवेशावरील वस्तू व सेवा कर जानेवारी २०१८ मध्ये २८ वरून १८ टक्क्यांवर आणला गेला. तरीही हजार रुपयांमागे १८० रुपये अधिक, आणि सहा माणसांचे १,०८०. असे असूनही आमच्या एकूण खर्चात प्रवेशशुल्काचा वाटा पाचव्या भागाच्या आसपासच होता. खरा पैसा जातो तो प्रवास, निवास आणि ऐनवेळच्या खाण्यात. निवासासाठी समाजाची धर्मशाळा घेतली. काचीगुडा-सुलतान बाजार भागात मारवाडी-गुजराती वस्ती असल्याने कांदा-लसूण व कंदमुळे वर्जित भोजनाचीही अडचण पडली नाही.

उद्यानातील दिवसाचे नियोजन मात्र वेगळे करावे लागले. अशा ठिकाणी बाहेरचे खाद्यपदार्थ बहुधा आत नेऊ देत नाहीत. आपल्यापैकी अनेकांचा सूर्यास्तापूर्वी भोजनाचा नियम असतो. जूनच्या मध्यात हैदराबादला सूर्यास्त सात वाजण्यास आठ-दहा मिनिटे कमी असताना होतो. डिसेंबरात तो पावणेसहालाच होतो. या एका तासाने जून महिना आमच्यासाठी अधिकच सोयीचा ठरला. सकाळी भरपेट न्याहारी करून निघालो, दुपारी आत मिळणारा दहीभात व फळे घेतली. संध्याकाळी सहाला सौभाग्यवती आणि मी बाहेर आलो आणि भाड्याच्या गाडीत ठेवलेला थेपले-खाकऱ्याचा डबा उघडला. मुलगा, सून व नातवंडे समारोपाच्या कार्यक्रमासाठी आत थांबली. सर्वांनी सर्व काही एकत्रच केले पाहिजे, हा आग्रह सोडला की नियमही पाळले जातात आणि मुलांचा विरसही होत नाही.

आता पाकिटांविषयी. निघण्यापूर्वी मी दोन्ही नातवंडांना प्रत्येकी पाचशे रुपयांचे पाकीट दिले होते. यातून काय घ्यायचे ते त्यांनी ठरवायचे, कोणी विचारायचे नाही, हिशेबही मागायचा नाही. याखेरीज पाच हजार रुपये आकस्मिक खर्चासाठी बाजूला होते. आश्चर्य असे, की हाती स्वतःचे पैसे आल्यावर मुलांच्या मागण्या निम्म्यावर आल्या. नातू प्रत्येक दुकानापाशी थांबे, किंमत विचारी आणि पुढे जाई. दुपारी पावसाची मोठी सर आली, अर्धा तास आम्ही एका छपराखाली उभे होतो. तेथेच टोप्यांचे दुकान होते. मुलाने नातवाला विचारले, “तुला टोपी हवी का? मी देतो.” नातू म्हणाला, “नको, घरी आहे.”

मुलगा काही वेळ तेथेच रेंगाळला. मग त्याने एक टोपी उचलली, पैसे दिले आणि स्वतःच्याच डोक्यावर घातली. अडतीस वर्षांचा दुकानदार, केस विरळ झालेले, डोक्यावर रंगीत टोपी! त्याची आई हसली, सून हसली. त्याने माझ्याकडे पाहिले. मी नातीला म्हटले, “वहीत लिही : टोपी, एक नग. खाते दादाजींचे, जुनी बाकी.” ती काही समजली नाही, पण तिने तसेच लिहिले.

परतीपूर्वी एक दिवस वरंगळ मार्गावरील आलेरजवळच्या कुलपाकजी तीर्थाला दिला. हैदराबादपासून ते सुमारे ऐंशी किलोमीटरवर आहे. जेड पाषाणातील भगवान महावीरांच्या मूर्तीसमोर नातवंडे आपणहून शांत बसली. तेथील भोजनशाळेमुळे त्या दिवसाचा खर्च अगदीच थोडा झाला. करमणुकीच्या एका दिवसाला दर्शनाचा एक दिवस जोडला, तर वडीलधाऱ्यांनाही सहल आपली वाटते.

घरी आल्यावर नातीने वही मिटवली. आवर्ती ठेवीतून आलेल्या रकमेपैकी आकस्मिक निधीतील तीन हजार रुपये शिल्लक राहिले होते. कोणाचे देणे नव्हते, कोणाच्या मनात सल नव्हता. वाचकांना एवढेच सुचवावेसे वाटते, की सहलीचे अंदाजपत्रक करताना मोठे खर्च अवश्य कापावेत, परंतु मुलांच्या एका लहानशा मागणीसाठी जागा आधीच राखून ठेवावी. ती रक्कम किरकोळ असते. नाकारली तर तिचे व्याज मात्र अनेक वर्षे चढत राहते.

पुढील चोवीस महिन्यांचे खाते उघडले आहे. या वेळी हप्ता मुलगा भरतो. मुलांनी इमॅजिकाचे नाव पुन्हा काढले आहे.