गिरगावच्या नळातली नदी

परळ, मुंबई

चि. चिऊ,


तू कराडला कृष्णा-कोयनेच्या संगमाकाठी राहून मुलांना नदी शिकवतेस, आणि उदाहरण मागतेस मुंबईचं! मुंबईची नदी म्हटलं की लोक मिठीचं नाव घेतात आणि नाक दाबतात. ती माहीमच्या खाडीला मिळते. परळ, लालबाग, गिरगाव तिच्या वाटेवर नाहीत. पण तिचं पाणी गिरगावात येऊन गेलंय, नळातून.

मिठीच्या माथ्यावर धरण घालून विहार तलाव झाला तो 1860 साली. तोवर शहराचं भागायचं विहिरी-तलावांवर. पुढे पवईलाही पाणी अडवलं. नदीचं वरचं पाणी आपण पिऊनच टाकलं म्हण ना. आता तलाव भरून सांडले तरच वरून जोर येतो, आणि जोर असेल तेव्हाच नदी गाळ पुढे ढकलते. खालच्या टप्प्यात उतार नाही, समोरून भरती. मग गाळ जिथल्या तिथे बसतो आणि दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर यंत्रं उतरवून तो उपसावा लागतो. विमानतळाच्या धावपट्टीपाशी तर तिला काटकोनात वळवलंय. वळणाच्या बाहेरच्या काठाशी पाणी वेगात असतं, ते काठ खातं. आतल्या काठाशी रेंगाळतं, तिथे गाळ ठेवतं. असं करत नदी आपली वाट सरकवते. इथे सरकायला जागाच कुठे आहे? 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि ती काठ सोडून कुर्ल्याच्या वस्त्यांत शिरली. (कुलाब्याला त्या दिवशी शंभरही नव्हता, हे वर्गात जरूर सांग.)

आमच्या भागाचं दुखणं वेगळं. पश्चिमेला मलबार हिल ते वरळी अशी खडकाची रांग, पूर्वेला परळ-शिवडीच्या टेकड्या आणि मधला भाग बशीसारखा. वरळी-महालक्ष्मीच्या मधल्या खिंडारातून भरतीचं पाणी थेट आत यायचं. 1784 च्या सुमारास बांध घालून ते अडवलं, खाजणं सुकली, त्यांवर पुढे गिरण्या आणि चाळी उठल्या. समुद्र बाहेर राहिला, पण जमीन काही उंच झाली नाही. ब्रिटिशांनी गटारं बांधली ती तासाला 25 मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने, तेही निम्मं पाणी जमिनीत मुरेल असं धरून. आता मुरायला माती कुठे आहे? भरती मोठी असली की समुद्र गटाराच्या तोंडापेक्षा वर चढतो आणि हिंदमाता चौकात कमरेइतकं पाणी. म्हणून रे रोडला, वरळीला पंप बसवले, हिंदमाताच्या पाण्यासाठी जमिनीखाली टाक्या केल्या. फरक पडलाय, उगाच नावं ठेवत नाही. पण पंप आपल्या भागात नदीचंच काम करतात, तेही विजेच्या बिलावर.

तुझ्या मुलांना खरं दाखवावं ते पाणी ओसरल्यावर. दुकानदार खराटे घेऊन उतरायच्या आत बघायचं. टेकडीकडून येणारी गल्ली मोठ्या रस्त्याला जिथे मिळते तिथे गाळाचा पंखा पसरलेला असतो: तोंडाशी खडी आणि फुटक्या कौलांचे तुकडे, पुढे जाडी रेती, मग बारीक रेती आणि अगदी कडेला साबणासारखा निसरडा चिखल. जड ते आधी टाकायचं, हलकं ते लांब न्यायचं, हा गंगेचा नियम इथे फुटपाथच्या कडेला वीतभर जागेत दिसतो. गटाराच्या झाकणावर पिशवी अडकली असेल तर पाणी तिला वळसा घालतं आणि मागच्या बाजूला रेतीचं छोटं बेट तयार होतं. पुस्तकातल्या आकृतीपेक्षा हे बरं, असं माझं मत.

आता माझं एक काम कर. पाणी उतरलं की मुलांना संगमावर ने आणि कोयनेच्या बाजूची नि कृष्णेच्या बाजूची रेती वेगवेगळ्या बरण्यांत भरायला सांग. रंगात, जाडीत फरक दिसतो का ते कळव. गणपतीला येशील तेव्हा बरण्याही आण.

तुझा,
मामा