आधी वजनकाटा, मग लेह!

उरणजवळचा द्रोणागिरी डोंगर तुमच्यापैकी किती जणांनी पाहिलाय? एका बाजूला करंजाची खाडी, पायथ्याशी ओएनजीसीचा मोठा प्रकल्प आणि वर पोर्तुगीजांच्या काळातल्या चर्चचे अवशेष. इथले लोक सांगतात, मारुतीराया संजीवनीचा डोंगर घेऊन उडत निघाले, तेव्हा त्याचा एक तुकडा इथे पडला. नेमकी वनस्पती ओळखता येईना, म्हणून मारुतीने अख्खा डोंगरच उचलला, ही गोष्ट तर सगळ्यांना पाठ! मारुतीला ते शोभलं. पण लांबच्या प्रवासाला निघणारी पुष्कळ माणसंही तसंच करतात. काय लागेल ते ठरत नाही, मग सगळंच गाडीत कोंबतात.

समजा, आपल्याला याच द्रोणागिरीतून एक दणकट पिकअप घेऊन मनालीमार्गे लेहला जायचंय. अंतर दोन हजार किलोमीटरहून जास्त. गाडीची तयारी कशी करायची?

त्यासाठी परदेशी गाड्यांची चित्रं बघायची गरज नाही. डोंगराच्या नावाने वसलेल्या द्रोणागिरी नोडमध्ये जा. जवळच न्हावा-शेवा बंदर आहे, 1989 साली सुरू झालेलं. 2024 च्या जानेवारीपासून इथे लोकलही येते आणि द्रोणागिरी नावाचं स्टेशनही आहे. रस्त्याच्या कडेला कंटेनरचे ट्रेलर रांगेने उभे असतात. ड्रायव्हरमंडळी दिवसच्या दिवस घराबाहेर असतात, म्हणून केबिन हेच त्यांचं घर. सीटमागे झोपायची फळी, पाण्याचा कॅन, स्टोव्ह, तांदळाचा डबा. हत्यारांच्या पेटीत जॅक, टॉमी, पाने, वायरचे तुकडे. शिवाय चाकाला लावायची लाकडी उटी! दिसायला नुसता ठोकळा, पण चढावर चाक बदलताना तो नसेल तर गाडी जॅकवरून निसटते आणि खाली माणूस असतो.

कंटेनर ट्रेलरवर कसा बसतो तेही जरूर बघा. दोर नाही, साखळी नाही. चार कोपऱ्यांत चार ट्विस्ट लॉक. दांडा फिरवला की लोखंडी डोकं आत अडकतं. आपल्या पिकअपलाही हाच नियम: हलेल अशी एकही वस्तू मागे ठेवायची नाही. जोरात ब्रेक लागला की सुटा डबाही तोफगोळ्यासारखा पुढे येतो.

आता भरायला घेऊ या. लाहौलमध्ये तांदी नावाचं गाव आहे. तिथल्या पेट्रोलपंपावरचा फलक प्रवाशांमध्ये फार प्रसिद्ध झाला: पुढचा पंप 365 किलोमीटरवर! टाकी 60 लिटरची असेल आणि गाडी घाटात लिटरला 9 किलोमीटर देत असेल, तर 540 किलोमीटर झाले. मग पुरेल की! हो, पण दरड कोसळली आणि मागे फिरावं लागलं तर? म्हणून 20 लिटरचे दोन कॅन डिझेल. त्याचं वजन साधारण 34 किलो, कारण डिझेल पाण्यापेक्षा हलकं असतं. (थंडीत तिथे साधं डिझेल घट्ट होतं. म्हणून 2019 साली इंडियन ऑइलने उणे 33 अंशांपर्यंत वाहतं राहणारं खास डिझेल आणलं.)

तीन माणसं, माणशी रोज पाच लिटर, चार दिवस. म्हणजे पाणी 60 लिटर, वजन 60 किलो. कॅन काठोकाठ भरू नका, पाण्याचा बर्फ झाला की तो फुगतो आणि कॅन फुटतो. दोन स्टेपन्या, पंक्चरचं सामान, हवेचा पंप, तंबू, रजया, शिधा आणि कुकर. कुकर चैनीसाठी नाही हं! सरचूची उंची सुमारे 4,290 मीटर. हवेचा दाब कमी म्हणून तिथे पाणी साधारण 86 अंशांनाच उकळतं. उघड्या पातेल्यात डाळ तासन्तास कच्चीच!

माणसांसकट हे सगळं साधारण चारशे-साडेचारशे किलो होतं. गाडीची क्षमता एक टन असेल तर अजून बरीच जागा उरली, नाही का? इथेच खरा मोह आहे. मग टपावर लोखंडी कॅरियर येतं, फ्रिज येतो, पुढे जाडजूड बुल बार येतो. मला विचाराल तर यातलं काहीच नको. पुढचा टांगलांग ला 5,300 मीटरच्या वर. तिथे हवा जवळजवळ निम्मी, इंजिनाचा दम कमी. खड्ड्यात चाक आदळलं की भाराचा धक्का कितीतरी पटींनी वाढतो आणि पाटा तुटतो. तिथे पाटा तुटला तर गॅरेज नाही, रात्र कडाक्याची आणि विरळ हवेने कुणाचं डोकं ठणकत असेल तर त्याला लवकर खाली आणायला गाडीच नाही. वजन कमी ठेवायचं ते यासाठी.

बुल बारला तर 2017 साली केंद्र सरकारनेच विरोध केला. पादचाऱ्याला तो जबर इजा करतो आणि एअरबॅगच्या कामात अडथळा आणतो. गाडीची मूळ रचनाही मनाला येईल तशी बदलता येत नाही, 2019 साली सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. म्हणून पेट्या वेल्डिंग न करता पट्ट्यांनी घट्ट आवळा. निघण्यापूर्वी गाडीखाली वाकून गंज बघायला मात्र विसरू नका. खाडीची खारी हवा लोखंडाला फार लवकर खाते.

वजनाची थट्टा जहाजांनाही महागात पडते. 2007 साली इंग्लंडजवळ 'एमएससी नापोली' हे जहाज फुटलं. नंतर डेकवरचे कोरडे राहिलेले कंटेनर तोलले, तर पाचातल्या एकाचं वजन कागदावरच्या आकड्यापेक्षा तीन टनांहून अधिक वेगळं निघालं! 2016 च्या जुलैपासून जगभर नियम आहे: वजन तपासल्याशिवाय कंटेनर जहाजावर चढत नाही.

म्हणून आपली पिकअपही भरली की थेट वजनकाट्यावर न्यायची, तिघांनी आत बसूनच. गाडीच्या नोंदणीपुस्तकात रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचं वजन दिलेलं असतं, त्याच्याशी ताडून बघायचं. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी. दोन आकड्यांची वजाबाकी म्हणजे मागच्या चाकांवरचा भार. तो फार दिसला तर पाण्याचे कॅन केबिनच्या पाठीला, तळाशी सरकवायचे, आणि गाडी पुन्हा काट्यावर चढवायची.