कोल्हापुरात काय खावे, काय घ्यावे?

बाहेरगावचा कोणीही स्नेही शिवाजी विद्यापीठात परीक्षेच्या वा चर्चासत्राच्या निमित्ताने आला, की कामाचे बोलणे आटोपल्यावर दोन प्रश्न हमखास विचारतो : जेवायला कुठे जायचे आणि खरेदी कुठे करायची? दक्षिण काशीत येऊन अंबाबाईचे दर्शन घ्यायचे, हे त्याने गृहीतच धरलेले असते. मी गडमुडशिंगीत, म्हणजे कोल्हापूरलगतच हुपरीच्या वाटेवरच्या गावात, लहानाची मोठी झाले आणि आजही तिथेच राहते. त्यामुळे या प्रश्नांची उत्तरे देण्याचा अधिकार मी स्वतःकडे घेऊन टाकला होता. माझ्याजवळ एक तयार यादीच होती.

तिची सुरुवात सकाळच्या मिसळीपासून होई. उद्यमनगरात फडतऱ्यांची किंवा कसबा बावड्यातली. मिसळीबरोबर इथे ब्रेडचे काप येतात, हे पुणेकरांना आधीच सांगून ठेवावे लागते. दुपारी मटणाची थाळी. 'कोल्हापुरी' म्हणजे जाळ, हा समज महाराष्ट्रभरच्या हॉटेलांनी लाल रंग ओतून पसरवला आहे. पांढरा रस्सा मटणाच्या अळणी पाण्यात नारळाचे दूध आणि तीळ-खसखशीचे वाटण घालून करतात. तो आधी वाटीने प्यावा आणि मग तांबड्याकडे वळावे. संध्याकाळी शाहू महाराजांनी उभारलेल्या खासबाग मैदानाजवळ भेळ. रात्री गंगावेशीत, समोर म्हैस पिळून हातात दिलेले धारोष्ण दूध.

खरेदीची यादीही अशीच होती. साज किंवा ठुशी पाहायची तर गुजरीत जावे. चांदीची हौस असेल तर आमच्या गावावरून पुढे हुपरीला. गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण तो घ्यायचा तो गुऱ्हाळे चालू असतानाच्या दिवसांत. कांदा-लसणाची चटणी शक्यतो विकत घेऊ नये. ती उन्हाळ्यात घरोघरी डंकावर कुटून आणतात, त्यामुळे एखाद्या घरी ओळख काढावी आणि बरणी न्यावी. शेवटी भवानी मंडपाशेजारची चप्पल लाइन. तिथे खिळा न मारता चामड्याच्या वादीने शिवलेली जोडी निवडावी आणि पहिले काही दिवस चावली तरी धीर सोडू नये.

दोन वर्षांपूर्वी प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार शिकवताना मी ही यादी वर्गात वाचून दाखवली. परक्या माणसासाठी आपले गाव लिहिणे हेही प्रवासवर्णनच, असा माझा मुद्दा होता. मुले हसली, कुणी आपल्या गल्लीतल्या मिसळीची बाजू मांडली. तास संपल्यावर सुभाषनगरात राहणारा एक विद्यार्थी थांबला. शांतपणे म्हणाला, "मॅडम, चटणीसाठी घरी जायला सांगता आणि चपलेसाठी दुकानात. असं का?"

मी काहीतरी उत्तर दिले. दुकानात निवड करायला वाव असतो, वगैरे. घरी परतताना मात्र त्या उत्तराचे मला काही वाटेनासे झाले. चटणीसाठी ज्या घरी ओळख काढायला मी पाहुण्यांना सांगत होते ते घर माझ्यासारख्यांचे होते. चप्पल करणाऱ्याच्या घराचा रस्ता माझ्या यादीत नव्हता, कारण तो माझ्या डोक्यातही नव्हता.

तो नसण्याचे कारण मला ठाऊक आहे. माझ्या लहानपणी, ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, आमच्या सोप्यातल्या देवळीत एक कपबशी वेगळी ठेवलेली असे. दरवर्षी वडिलांचे पायताण घेऊन एक वयस्क गृहस्थ येत. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या त्या चामड्याचा वास घरभर पसरे. जोडी आत येई, हातोहात फिरे, तिची करकर ऐकून वडील खूश होत. ते गृहस्थ मात्र पायरीवर बसत. त्या कपातून चहा घेत, कप स्वतः विसळत आणि देवळीत पालथा घालत. गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्याला आम्ही मुले आबा, तात्या, आण्णा म्हणत असू. त्यांना मात्र एकेरी हाक मारायची, असे आम्हाला कोणी शिकवले नव्हते आणि तरी आम्ही शिकलो होतो. मराठीतल्या आदरार्थी बहुवचनावर मी आता दरवर्षी एक तास घेते. तो धडा मला त्या पायरीवर आधी मिळाला होता, उलट्या बाजूने.

आणि हे ज्या शहराच्या सावलीत घडत होते, त्या शहराने 'कुठे खावे-प्यावे' या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी दिले होते. शाहू महाराजांच्या पागेत काम करणाऱ्या गंगाराम कांबळे यांनी सवर्ण नोकरांच्या पाण्याला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली. पुढे महाराजांच्या मदतीने त्यांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचे हॉटेल काढले आणि त्याला 'सत्यसुधारक' असे नाव दिले. अस्पृश्याच्या हातचा चहा घ्यायला गिऱ्हाईक येईना, तेव्हा महाराज आपली गाडी तिथे थांबवून चहा मागवू लागले आणि सोबतच्या मंडळींनाही पाजू लागले. १९२२ मध्ये महाराज गेले. १९२५ मध्ये नर्सरी बागेत त्यांचे स्मारक उभारण्यासाठी पुढाकार घेतला तो याच गंगाराम कांबळे यांनी. ही कथा मी भाषणांत अनेकदा सांगितली आहे. ती सांगताना मी नेहमी गाडीत बसलेली असे. पायरीवरच्या कपाशी तिची गाठ मी कधी घातली नव्हती.

माझ्या गावाशेजारचे गांधीनगर हेही असेच एक उत्तर आहे. घाऊक कापडासाठी दक्षिण महाराष्ट्रातले आणि सीमेपलीकडचे व्यापारी तिथे येतात. आमच्याकडचा लग्नाचा बस्ताही बहुधा तिथेच बांधला जातो. याच परिसरात, वळिवड्याला, १९४३ ते १९४८ या काळात पोलंडच्या सुमारे पाच हजार निर्वासितांची छावणी होती. त्यांत स्त्रिया आणि मुलेच अधिक. ते गेल्यावर फाळणीत घरदार गमावलेली सिंधी कुटुंबे तिथे आली आणि त्यांनी बाजार उभा केला. शाळेत सिंधी मैत्रिणीच्या डब्यातले दाल-पकवान मी निःसंकोच खात असे. हजारो मैलांवरून आलेल्यांना या मातीने जागा दिली, याचा मला अभिमान आहे. पण शेकडो मैलांवरच्या भाषेतून आलेला डबा माझ्या घराला चालत होता आणि गावातल्याच, माझीच भाषा बोलणाऱ्या माणसासाठी कप वेगळा होता, हे दोन्ही एकाच वेळी खरे होते.

जून २०२५ मध्ये मिलानच्या एका फॅशन शोमध्ये प्राडा या कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला मांडल्या आणि मूळ परंपरेचा उल्लेख केला नाही. इकडे संताप उसळला, मग कंपनीने भारतीय कारागिरीची प्रेरणा मान्य केली. आमच्या स्टाफरूममध्येही आम्ही बरेच रागावलो. २०१९ मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले होते, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी, हेही कोणी सांगितले. मला एकदम माझी यादी आठवली. वस्तू घ्यायची आणि करणाऱ्याचे नाव घ्यायचे नाही, हे मिलानला कोणी नव्याने शिकवले नव्हते.

त्यानंतर नागपूरची एक मैत्रीण आली. तिने तेच दोन प्रश्न विचारले. मिसळ खाऊन झाल्यावर मी त्या विद्यार्थ्याला फोन केला आणि आम्ही दोघी सुभाषनगरात त्याच्या घरी गेलो. त्याची आई दारातच चामड्याच्या बारीक पट्ट्यांची वेणी घालत बसली होती. वेणीचे काम बहुतेक बायकांकडेच असते, आणि दुकानात जोडीची किंमत सांगताना ते कोणी मोजून दाखवत नाही. तिने चामडे कमावायला लागणारे दिवस सांगितले, कातडे मिळणे कसे अवघड होत चालले आहे ते सांगितले. मैत्रिणीने पायाचे माप दिले. मग ती बाई उठली आणि आत जाता जाता थबकून तिने मला विचारले, "मॅडम, आमच्यातला चा चालंल न्हवं?"

त्या प्रश्नावर माझ्याकडे वाक्य नव्हते. "चालेल" म्हणणे म्हणजे परवानगी देणे. "असं का विचारता" म्हणणे म्हणजे काही माहीतच नसल्याचा आव आणणे. मी एवढेच म्हणाले, "साखर थोडी कमी." तिचा मुलगा भिंतीकडे पाहत होता. सगळ्यांना सारख्या स्टीलच्या पेल्यांतून चहा आला. निघताना मी माझा पेला विसळायला मोरीकडे निघाले, तेव्हा तिने तो हातातून काढून घेतला. पाहुण्याने विसळायचा नसतो, म्हणाली.

आता यादीत सुभाषनगर आहे. त्याने फार काही बदलते असा माझा दावा नाही. एका जोडीच्या खरेदीने कुणाचे देणे फिटत नाही, आणि सोप्यातली ती देवळी घराच्या दुरुस्तीत बुजवली गेली म्हणून माझ्यापुरती ती बुजलेली नाही. पण काय खावे, काय घ्यावे असे आता कोणी विचारले, तर मी मिसळीच्या पत्त्याबरोबर एवढे सांगते : चपलेचे माप घरी जाऊन द्या, आणि चहा दिला तर बसून घ्या.