लोण्यास रंग

गेल्या तीन वर्षांपासून आमच्या जळकोटच्या घरांत केक होऊं लागले आहेत. सूनबाई ते घरींच करते. कोणाचा वाढदिवस असला, कोणी दहावीस चांगल्या गुणांनीं उत्तीर्ण झालें, कीं मागणी येते आणि स्वयंपाकघरापलीकडील खोलींत विजेची रवी घरघरूं लागते. मी मात्र प्रारंभापासून त्या खोलीच्या उंबरठ्याबाहेरच राहिलों. कारण वाचकांच्या लक्षांत आलेंच असेल. अंडें ही वस्तु आमच्या घरीं कधीं आली नव्हती. आणि केकवरील उत्तम प्रतीचा जो लोण्याचा लेप, तो अंड्याच्या पांढऱ्या भागापासूनच होतो असें माझ्या वाचनांत आलें होतें. तो पांढरा भाग साखरेबरोबर घुसळला म्हणजे जो दाट फेस उभा राहतो त्यास मेरँग म्हणतात, व त्यांत लोणी मिळविलें कीं लेप तयार. "मामंजी, मी अंडें वापरीत नाहीं," असें सूनबाईनें दोन वेळां सांगितलें होतें. मीं 'बरें' म्हटलें होतें, परंतु तिच्या केकचा तुकडा कधीं तोंडांत घातला नव्हता. तिसऱ्या वेळीं तिनें सांगितलें नाहीं.

गेल्या भाद्रपदांत नातवाचा सहावा वाढदिवस होता. चार दिवस आधीं त्यानेंच माझा हात धरून मला त्या खोलींत नेलें. सूनबाई एका भांड्यांत फिकट तपकिरी, किंचित् बुळबुळीत असें पाणी ओतीत होती. काबुली हरभरे रात्रभर भिजवून शिजविले म्हणजे जें पाणी उरतें तें हें, थोडें आटविलेलें. म्हणजे आपला कटच म्हणाना! होळीस पुरणाची डाळ शिजतांना पातेल्याच्या कांठावर जो फेस चढतो तो कोणत्या गृहिणीनें पाहिला नाहीं? आपण तो पळीनें काढून टाकला आणि खालच्या कटाची आमटी केली. फ्रान्समधील ज्योएल रोसेल नांवाच्या गायकानें २०१४ सालीं दाखवून दिलें कीं कडधान्याच्या पाण्याचा अंड्यासारखा फेस होतो. पुढच्याच वर्षीं अमेरिकेंतील गूस वोल्ट यांनीं केवळ हें पाणी आणि साखर यांचा मेरँग केला व त्या पाण्यास 'अ‍ॅक्वाफाबा' असें लॅटिन नांव दिलें. आमच्या संस्कृतांत त्यास चणकोदक म्हणतां येईल. ज्या मुलखांत हरभऱ्याच्या राशी पडतात तेथें ही गोष्ट कोणास सुचूं नये, याचें मला थोडें वाईट वाटलें.

सूनबाईनें त्या पाण्याचा पांढराशुभ्र फेस केला. मग साखरेचा गोळीबंद पाक, सुमारें ११८ अंशांचा, बारीक धारेनें त्यांत सोडला. भांडें निवूं दिलें आणि लोण्याचे लहान लहान गोळे एकेक करून घातले. आम्हीं लहानपणापासून पाहिलें तें घुसळून लोणी वेगळें काढणें. येथें सारी क्रियाच उलटी! मध्यें एक वेळ अशी आली कीं सर्व मिश्रण नासलेल्या दुधासारखें फुटलें. "गेलें!" असें मी म्हणून गेलों. सूनबाईनें रवी थांबविली नाहीं. पांच-सात मिनिटांनीं तेंच मिश्रण सायीसारखें गुळगुळीत झालें. अंडें नव्हतें हें मीं आतां डोळ्यांनीं पाहिलें होतें. ज्या माणसानें जन्मभर मुलांच्या उत्तरपत्रिका विश्वासानें तपासल्या, त्यास घरच्या माणसाचा शब्द पुरला नाहीं हें कांहीं भूषणावह नव्हे.

"केक निळा पाहिजे," नातू म्हणाला. "आभाळासारखा."

सूनबाईनें फळीवरून रंगाची लहानशी बाटली काढली, आणि मीं "बाटली नको" असें जरा मोठ्यानेंच म्हटलें. तिला याचें कारण ठाऊक नव्हतें. तें मीं आजवर कोणास सांगितलेलें नाहीं.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वींच्या संक्रांतीची गोष्ट. नातवाची आजी हलवा फार सुरेख करी. मंद शेगडीवर परात, परातींत खसखस, आणि चमचा-चमचा पाक घालीत तासन् तास बोटें फिरवावयाचीं, तेव्हां कोठें दाण्यास कांटा फुटावयाचा. शेजारच्या बाळाचें बोरन्हाण होतें, त्याच्यासाठीं हलव्याचे दागिने ती करीत होती. थोडा हलवा केशरी असावा अशी हौस मला. केशर परवडण्याजोगें नव्हतें, म्हणून मीं बाजारांतून सुट्या पिंवळ्या रंगाची एक पुडी आणली. हलवा दिसला मोठा नामी. दुसऱ्या दिवशीं मीं चार दाणे शाळेंत नेले. आमचे शास्त्रविषयाचे शिक्षक ते पाहून गप्प झाले. त्यांनीं दाणे पाण्यांत विरघळवून त्यांत हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकले, तों पिंवळें पाणी एकदम जांभळट गुलाबी झालें. हळदहि तीव्र आम्लांत गुलाबी होते, पण पाणी वाढविल्यावर तो रंग जातो. हा गेला नाहीं. तो मेटॅनिल यलो होता. खाण्यास त्याची मनाई आहे. मी तसाच घरीं आलों. तोंवर हार बाळाच्या गळ्यांत पडला होता आणि बाळ तो चोखीत होतें. त्याच्या आईस काय सांगून तो काढून घेतला हें आतां आठवत नाहीं. बाळास कांहीं झालें नाहीं हें दैव. घरीं हिनें सारा हलवा परसांत पुरला. मला एका शब्दानें दोष दिला नाहीं. "पांढराच शोभत होता," एवढेंच म्हणाली.

तेव्हां बाटलीच्या ऐवजीं मीं सुचविलें तें अंगणांतील गोकर्णीचें फूल. शंकरास वाहिलें जाणारें हें फूल गरम पाण्यांत टाकलें कीं पाणी घटकेंत गर्द निळें होतें. पहिल्या दिवशीं मीं तीस-चाळीस फुलें खुडून दिलीं. सूनबाईनें फेस टिकावा म्हणून चणकोदकांत लिंबू पिळलें होतें. निळा काढा त्यांत पडतांच जांभळा झाला. नातू रडूं लागला. हळदीस चुन्याचें पाणी लागलें कीं ती लाल होते, हें आपल्या बायका जाणतात. तशीच गोकर्णीची जात. आंबटानें ती जांभळी होते, क्षारानें हिरवट.

दुसऱ्या दिवशीं लिंबू वगळलें. रंग निळाच राहिला, पण इतका फिका कीं असून नसल्यासारखा. खडीसाखर कांचेसारखी पारदर्शक असते आणि तीच कुटली म्हणजे पांढरी दिसते. फेसांतील असंख्य बुडबुड्यांचेंहि तसेंच आहे. ते सगळा प्रकाश विखरून टाकतात, आणि थेंबभर रंग त्यांत कोठल्या कोठें हरवतो. मीं आणखी काढा ओतावयास सांगितलें. तें ऐकल्याचा परिणाम असा झाला कीं लोणी फुटलें, आणि या वेळीं कितीहि घुसळलें तरी सांधलें नाहीं. हळद स्नेहांत विरघळते, म्हणून लोण्यास पिंवळा रंग चिमटीभर हळदीनें चढतो. गोकर्ण आणि बीट हे पाण्याचे रंग, आणि लोण्यास पाणी सोसतें तें फार थोडें. पावशेर लोणी वायां गेलें. सूनबाई कांहीं बोलली नाहीं. नातवाची आजी अशीच गप्प राही.

तिसऱ्या दिवशीं तिनें काढा आटवून अगदीं दाट केला व चमचाभरच घातला. आतां रंग आला, पण हिरवट! दोष फुलाचा नव्हता. गाईच्या लोण्यास अंगचा पिंवळेपणा असतो, आणि पिंवळ्यांत निळें पडलें कीं काय होतें हें चित्रकलेच्या तासास पहिलीचा मुलगाहि सांगतो. म्हशीचें लोणी पांढरें असतें, म्हणून मीं शेजारून तें आणविलें. तें थंड पाण्यांत चार वेळां धुवून आंबटपणा काढला, तरी त्यांत पाण्याचा अंश इतका कीं लेप उभा राहीना. हताश होऊन मी ओसरीवर बसलों असतां दोरीवरचें माझें धोतर दिसलें. जुनें धोतर पिंवळें पडूं लागलें कीं त्यास नीळ देतात. निळीची जांभळट झांक पिंवळेपणास मारते आणि कापड पांढरें दिसतें. पहिल्या दिवशींचा लिंबू पडलेला जांभळा काढा शीतपेटींत तसाच होता. गाईच्या लोण्यांत आधीं त्याचे दोन थेंब घालून पाहावे असें मीं सांगितलें. सूनबाईनें माझ्याकडे पाहिलें आणि दोनच थेंब घातले. लोणी पांढरें झालें.

"हें माझ्या लक्षांत आलें नव्हतें, मामंजी," ती म्हणाली. मग तिनेंहि मला एक युक्ति दाखविली. तयार लेपांतील वाटीभर भाग काढून तिनें किंचित् ऊन केला, सारा रंग त्यांतच मिळविला, आणि तो निवल्यावर पुन्हां मोठ्या भांड्यांत घुसळला. लोणी पातळ झालें कीं बुडबुडे मोडतात आणि रंग उघडा पडतो, म्हणून तो असा थोडक्यांत गडद होतो.

तरीहि आमचें आभाळ फिकेंच होतें. त्यावर नातवास लाल एस. टी. हवी होती, आणि तिचा लाल कोणत्याहि फुलानें येईना; बीट घालून पाहिलें तों गाडी गुलाबी झाली. तेव्हां सूनबाईनें ती बाटली माझ्या हातीं दिली. "आधीं वाचा," म्हणाली. मीं भिंग आणलें. रंगाचें नांव होतें, क्रमांक होता, परवाना होता, मुदत होती. आपल्या २०११ सालच्या नियमांनीं खाण्याच्या पदार्थांसाठीं कृत्रिम रंग आठच मान्य केले, आणि तेहि सामान्यतः किलोमागें १०० मिलिग्रॅमच्या आंत. २०२४ च्या फेब्रुवारींत तामिळनाडूनें 'म्हातारीच्या केसां'वर बंदी घातली ती त्यांत ऱ्होडामाइन-बी हा कापडाचा रंग सांपडला म्हणून. तो या आठांत नाहीं. माझ्या पुडीवर नांव नव्हतें, माप नव्हतें, आणि मींहि विचारलें नव्हतें. ती गोष्ट मीं तेथेंच, भिंग हातांत असतांना, सूनबाईस सांगितली. ती ऐकून घेत सुईच्या टोकानें रंग घालीत होती. तिनें थोडकाच घातला आणि भांडें झांकून ठेवलें. हे रंग रात्रभरांत आपोआप गडद होतात, घाईनें वाढविले तर सकाळीं गाडी काळपट दिसते, असें तिनें मला समजावलें.

संस्कृतांत रंग, राग आणि अनुराग हे तिन्ही शब्द रञ्ज् या एकाच धातूचे, हें मीं तीस वर्षें फळ्यावर लिहिलें. असो.

वाढदिवशीं गाडी लालभडक निघाली. आभाळाकडे नातू बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "हें पाऊस पडून गेल्यावरचें आहे." मग त्यानें कापलेला पहिला तुकडा माझ्यापुढें धरला. तो मीं खाल्ला. गोडी माझ्या मतें कांहींशी अधिक आहे, आणि तसें मीं सांगितलेंहि, सूनबाई हंसली.

पुढील आठवड्याची मागणी मोरपंखी रंगाची आली. लोण्याचा पिंवळेपणा या खेपेस मारावयाचा नाहीं, असें आमचें ठरलें आहे. वेलीवर आज सकाळीं सात फुलें होतीं. तीं खुडून मीं सावलींत वाळत घातलीं आहेत.