पद्मिनीचा पत्रा

तर मंडळी, सध्या आमच्याकडे एक पेशंट आहे. १९८६ ची प्रीमियर पद्मिनी, क्रीम कलर, काकांची, मुक्काम पोस्ट मालवण. गेली सात-आठ वर्षं मांगरात, नारळाच्या सोडणांशेजारी उभी. चुलतबहिणीचं लग्न डिसेंबरात ठरलं आणि काकांनी फर्मान काढलं, लेक याच गाडीतून जाणार. "लग्नापुरती चकाचक करून घे रे."

थोडा इतिहास (कंटाळा असेल तर गाळा). वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० बनायला लागली आणि सत्तरच्या दशकात तिचीच पद्मिनी झाली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ साली नोंदलेली, वीस वर्षांची मुदत संपून ती ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. असो.

मुद्दा असा की या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. पत्र्याची पेटी हीच चासी. दारांच्या उंबरठ्याखाली जी पोकळ पट्टी असते तिच्यावर बराच भार असतो, आणि मालवणची हवा नेमकी तिथेच घुसते. खाऱ्या वाऱ्यातलं मीठ पत्र्यावर बसतं, हवेतलं पाणी ओढत राहतं, ओल सुकतच नाही. गंज मूळ लोखंडापेक्षा बरीच जास्त जागा घेतो, म्हणून रंगाला फोड येतात. फोड दिसला तोवर आतून काम झालेलं असतं.

मिस्त्रींनी काय करावं? काकूच्या फ्रिजवरचा गणपतीचा मॅग्नेट मागून घेतला, फडक्यात गुंडाळला आणि गाडीभर फिरवला. बॉनेटवर चिकटला. मागच्या चाकाच्या कमानीवर मात्र टपकन खाली. "काकानू, हंय पत्रोच नाय. नुसती लांबी आसा." पूर्वी कुठल्याशा गॅरेजवाल्याने भोकांवर लांबी थापून वर रंग मारून दिला होता. दिसायला झकास, अर्थात.

आता पर्याय दोन. पुन्हा लांबी आणि रंग, आठ दिवसांत गाडी दारात. किंवा कुजलेला पत्रा कापून नवा जोडायचा. तीन-चार महिने आणि खर्च कितीतरी पट. काका पहिल्यावर अडून. मी समजावून थकलो, चुलतभावाने तर खर्च ऐकून भंगारवाल्याचं नाव काढलं. मिस्त्री काही बोलले नाहीत. स्क्रूड्रायव्हर घेतला, ड्रायव्हरच्या दाराखाली टेकवला आणि अंगठ्याने दाबला. मुठीपर्यंत आत गेला.

"ह्येच्यात चेडवाक बसवतलास?"

काका मांगराबाहेर जाऊन उभे राहिले. परत आले ते म्हणाले, "काप."

कापण्याआधी दारं बंद करून आतून लोखंडी अँगल वेल्ड केले. नाहीतर पेटी वाकते आणि नंतर दारं लागत नाहीत. वेल्डिंगही सलग नाही, इथे एक टिपका, तिथे एक, कारण पातळ पत्रा तापला की लाटा येतात. उघडा पत्रा मालवणात एक रात्र ठेवला तर सकाळी नारिंगी, म्हणून घासला त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर. साध्या प्रायमरमधून पाणी झिरपतं. उंबरठ्याखालची पाणी जायची भोकं आधीच्या लांबीत बुजली होती, ती मोकळी केली. मला विचाराल तर सगळ्या कामातलं सर्वात महत्त्वाचं हेच, आणि याचा खर्च शून्य.

फायनल रंगाला मात्र मिस्त्री दिवाळीआधी हात लावायला तयार नव्हते. दमट हवेत थिनर उडताना पत्रा गार पडतो, त्यावर बाष्प जमतं आणि ड्यूकोवर पांढुरकी साय धरते. काकूला लाल रंग हवा होता, पण आरसी बुकात क्रीम आहे, मग आरटीओच्या फेऱ्या कोण मारणार? आधीच वीस वर्षांवरच्या कारच्या नूतनीकरणाची फी २०२५ मध्ये दहा हजार झालीय. व्हिंटेज म्हणून नोंदवायची तर पन्नास वर्षं लागतात, म्हणजे २०३६. काका म्हणाले, थांबू की.

रंग गेल्या आठवड्यात झाला. आता पुढच्या काचेचं रबर मिळत नाहीये. जुनं काढताना तुकडे झाले. लग्नाला तीन आठवडे आहेत. शनिवारी कुर्ल्याला, सीएसटी रोडवर शोधायला जातोय.