खर्च काढणारी गाडी

गाडी सहा-सात वर्षे चालवावी आणि ती खर्च काढायला लागायच्या आत विकून मोकळे व्हावे, असे माझे पक्के मत होते. घाटनांदूरला माझे कृषी सेवा केंद्र आहे. दुकानात बसायला येणाऱ्यांना मी हेच सांगत असे. आता सांगत नाही, आणि का सांगत नाही ते नीट मांडावे असे वाटते.

आमची मारुती ८०० ही गाडी २०११ ची. त्याच्या आदल्या वर्षी, एप्रिल २०१० मध्ये, धुराचे नवे निकष आले आणि १३ मोठ्या शहरांत ती विकणे बंद झाले. आपल्याकडे ती मिळत राहिली. जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादनच थांबले, तेव्हा मी मनातून तिला निरोप दिला होता. कंपनी बनवत नाही म्हणजे उद्या सामान मिळणार नाही, हा हिशेब सरळ वाटत होता.

तसे झाले नाही. तिचे ७९६ सीसीचे तीन सिलिंडरी इंजिन ज्या घराण्यातले, त्याच घराण्यातली इंजिने ओम्नीत आणि अल्टोत बसली. अल्टो ८०० तर २०२३ पर्यंत बनत होती. क्लच प्लेट असो की वॉटर पंप, अंबाजोगाईत मिळतो, नाहीतर लातूरहून येतो. याच्या उलट तळेगावला बनणारी शेवरोले बीट पाहा. गाडी देखणी होती. जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतातली विक्री थांबवली, पुढे तो कारखाना ह्युंदाईने घेतला. अशी कंपनी निघून गेली की सामानाचा प्रश्न पुण्या-मुंबईच्या आधी आमच्यासारख्या गावात उभा राहतो. म्हणून बिघडलेली गाडी किती कोसांवर दुरुस्त होते, त्यालाच मी आता टिकाऊपणा म्हणतो.

दुसरी गोष्ट मला आमच्या मिस्त्रींनी शिकवली. गाडी खालून खडखडायला लागली तेव्हा मी ती विकायचे ठरवूनच त्यांच्याकडे नेली होती. ते म्हणाले, "इंजिनला काय बी झालं नाही, शेठ. खालचं काम करून घ्या." खालचे काम म्हणजे बुश, बॉल जॉइंट, शॉकअप. रबर आणि सांधे झिजणारच. आमच्या रस्त्यांवर ते नव्या गाडीचेही झिजतात. खर्च दोन प्रकारचा असतो, हे मी तोवर पाहिलेच नव्हते. एक झिजेचा, जो येणारच. दुसरा हयगयीचा, आणि माणसाला बुडवतो तो हा. आमच्याकडे बोअरचे पाणी क्षाराचे. रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी तेच ओतत राहिले की बारीक नळ्यांत थर बसतो. मग उन्हाळ्यात इंजिन तापते, हेड गॅस्केट जाते आणि काम इंजिन खोलण्यावर, म्हणजे ‘हाफ इंजिन’वर येते. काहीशे रुपयांच्या कूलंटपायी हजारोंचे काम निघते आणि लोक म्हणतात, गाडी जुनी झाली. टायमिंग बेल्टचेही तेच. तो वेळेवर बदलायचा असतो, तुटायची वाट पाहायची नसते.

सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा घरात नव्या गाडीचा विषय निघालाच. मी कागद घेऊन बसलो. पाच लाखांचे कर्ज नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता साधारण १०,४०० रुपये. नुसते व्याज सव्वा लाखाच्या घरात. जुन्या गाडीचा वर्षाचा दुरुस्तीखर्च दोन-तीन हप्त्यांच्या पुढे सहसा जात नाही. हप्ता मात्र पाऊस पडो न पडो, दर महिन्याला द्यावा लागतो. सोयाबीनच्या भावावर ज्याचे दुकान चालते, त्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

पंधरा वर्षे झाली की गाडी भंगारात, असे गावोगाव ऐकू येते. जुन्या पेट्रोल गाड्यांवरचे ते बंधन दिल्ली परिसरापुरते आहे. आपल्याकडे पुन्हा पासिंग करून पाच वर्षे मिळतात. त्याची फी एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झाली आहे, पर्यावरण कर वेगळा. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल येते. जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि गॅस्केट त्याने लवकर जाऊ शकतात, तेवढे तपासत राहायचे. उसाला त्याचा आधार आहे, म्हणून मी त्याच्या विरोधात नाही.

एका बाबतीत मात्र मी जुन्या गाडीची बाजू घेणार नाही. तिला एअरबॅग नाहीत, एबीएस नाही. पुण्याच्या लांबच्या प्रवासाला मी आता ती नेत नाही, आणि घरातल्या मुलांनाही नेऊ देत नाही. रेल्वे स्टेशन, शेत, अंबाजोगाईचा दवाखाना, एवढ्यासाठी ती आहे.

तुमच्याकडे अशी गाडी असेल तर विकण्याआधी मिस्त्रीकडून दोन आकडे वेगळे लिहून घ्या: खालच्या कामाचा आणि इंजिनच्या कामाचा. इंजिन धूर देत नसेल, पत्रा तळातून गंजला नसेल आणि सामान तालुक्याला मिळत असेल, तर गाडी विकू नका.